रेडिएटर डगकडे आहे

रविवार, ४ एप्रिल १९८२

ही डायरी बॉयलरच्या व्यापाऱ्याने नाताळात फुकट दिलेली. एरवी हिच्यात कुणाकडे कुठला पंप बसवला एवढंच लिहितो. पण आज आईने जे काढलं ते कुठेतरी लिहिल्याशिवाय जेवण पचायचं नाही.

साडेबाराला नेहमीप्रमाणे जेवायला गेलो. रेडिओवर कुठल्याशा बेटांकडे आरमार निघणार असल्याच्या बातम्या चालल्या होत्या. आईने रेडिओ बंद केला, माझ्या पुडिंगवर, म्हणजे आमच्याकडच्या त्या फुगलेल्या खाऱ्या पावावर, रस्सा ओतला आणि म्हणाली, "वीस जूनला मला ऐंशी पुरी होतात. मला माळावर जायचंय. तुझ्या बापाला घेऊन."

बाबा एकवीस वर्षं शेकोटीवरच्या फळीवर चहाच्या डब्यात आहेत. त्यांची राख माळाच्या माथ्यावर सोडायची, हे त्यांनीच सांगून ठेवलेलं.

मी म्हणालो, "त्यात काय! उद्या व्हॅन काढतो."

"व्हॅनमधून तो जायचा नाही. त्याच्या गाडीवरून जाईल. मी साइडकारमध्ये आणि तो माझ्या मांडीवर."

"आई, त्या गाडीला रेडिएटर नाही."

"आहे की. डगकडे आहे."

माझा घास तिथेच राहिला. डग माझा थोरला भाऊ. दोन गल्ल्या सोडून राहतो. १९६१च्या जूनपासून आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललेलो नाही. रविवारी मी आईकडे साडेबाराला जेवतो आणि तो चारला. आई दोनदा ओव्हन पेटवते, दोनदा पुडिंग फुगवते, दोनदा रस्सा करते. कुरकुर म्हणून कधी केली नाही. आणि माझ्या पानासमोर त्याचं नाव आज पहिल्यांदा घेतलं.

निघताना दारात म्हणाली, "आणि हे बघ रेज, तो रेडिएटर मिळाला की आतून नीट धू हं." ऐंशीव्या वर्षी हिला रेडिएटरच्या आतल्या बाजूची काळजी! म्हातारपणात माणसाचं मन कुठे जाईल, सांगता येत नाही.

मंगळवार, ६ एप्रिल

आमच्या परसातल्या शेडमध्ये जाऊन बाबांच्या स्कॉट मोटरसायकलवरची ताडपत्री काढली. १९२८ची गाडी, आमच्या शिप्ली गावातच बनलेली. बाबा त्याच कारखान्यात रेडिएटरची झाळणी करायचे, कथलाने सांधे जोडायचे. हिचा रेडिएटरही त्यांनीच झाळलेला. नवी गाडी आली तेव्हा डगला आजीकडे ठेवून आई-बाबा दर रविवारी माळावर जायची. मी त्यानंतर दोन वर्षांनी झालो. मेव्हिस म्हणते, त्या माळाचाच प्रसाद दिसतोस. मेव्हिस माझी बायको. तिच्या जिभेला हाड नाही.

पुढे रेडिएटर होता तिथे आता तो अडकवायचे नुसते दोन कान आहेत. नळ्या वाळून तुटल्यात. गाडी दात काढलेल्या म्हातारीसारखी दिसते.

गाडी पाण्यावर थंड होते, पण तिला पंप नाही. गरम झालेलं पाणी हलकं म्हणून वर चढतं, रेडिएटरमध्ये निवलं की जड होऊन खाली उतरतं, आणि असं आपलं आपण फिरत राहतं. बाबा म्हणायचे, "पाण्याला वाट द्या, ढकलू नका." मी तीस वर्षं लोकांच्या घरांत गरम पाण्याच्या नळ्या घालतोय. माझा अनुभव असा की ढकलल्याशिवाय जगात काहीही फिरत नाही.

एखाद्या छोट्या मोटारीचा जुना रेडिएटर बसवू का, असं मेव्हिसला विचारलं. ती म्हणाली, "बसव की. आणि सासूबाईंच्या मांडीवर दुसऱ्याच कुणाचा तरी बाप दे."

रविवार, १८ एप्रिल

आईने डगचा निरोप दिला. रेडिएटर एकटा येणार नाही, त्याच्याबरोबर डगही येईल. आणि पंप लावायचा नाही.

"मी पंपाचं काही बोललोच नव्हतो," मी म्हणालो.

"तो म्हणाला, रेज असं म्हणेल," आई म्हणाली.

मी होकार दिला, तो फक्त आईसाठी. पंप मात्र एक छोटासा आणून ठेवलाय. वेळ काय सांगून येते?

शनिवार, २४ एप्रिल

डग आला. हातगाडीवर रेडिएटर, त्यावर घोंगडी, त्यावर दोरी. एखाद्या आजाऱ्याला आणावं तसा आणला. केस पांढरे झालेत. रस्त्यात दुरून दिसायचा तेव्हा कळलं नव्हतं.

घोंगडी काढली आणि मी बघतच राहिलो. पितळ लखलखत होतं. मधाच्या पोळ्यासारखी ती सगळी भोकं, एकेक काडीने साफ केलेली. म्हणजे हा माणूस एकवीस वर्षं तो पुसत होता? निव्वळ मला चीड यावी म्हणून पुसत असणार.

बोलणं मेव्हिसमार्फत झालं. ती शेडच्या दारात उभी.

"मेव्हिस, त्याला सांग, आधी हा सोड्याने आतून धुवायला हवा."

"मेव्हिस, त्याला सांग, बाबांची झाळणी आहे. चोपन्न वर्षांची. सोडा घातला तर उकलेल. आत कुणी काही घालायचं नाही."

"मेव्हिस, त्याला सांग, आत चुना बसला असेल."

"मेव्हिस, त्याला विचार, जन्म कुठे गेला? आपलं पाणी माळावरून येतं, मऊ. साबण लावला तर फेस धुता धुता जात नाही. एवढ्या लोकरीच्या गिरण्या इथे काय हवा खायला आल्या? आपल्याकडे कुणाच्या किटलीत चुना बघितलाय?"

मेव्हिस म्हणाली, "माझा पाय दुखतोय. मी एक पाटी लिहून लावते." आणि आत गेली.

हे त्याचं म्हणणं खरं आहे, हे इथे लिहायला हरकत नाही. आमच्या पाण्याला चुना नाही.

मग तो चहा करायला आमच्या स्वयंपाकघरात गेला. सरळ खिडकीजवळचं कपाट उघडलं, कप काढले, साखरेचा डबा मागच्या रांगेतून काढला. मला स्वतःला तो डबा कधी सापडत नाही. बरं, आमची कुत्री टॉफी, जी पोस्टमनला गेली अकरा वर्षं शत्रू मानते, ती याच्या पायाशी जाऊन पडली. म्हातारी झाली बिचारी, नाक गेलंय.

शनिवार, १ मे

काम सुरू आहे. सिलिंडरभोवतीच्या पाण्याच्या जागेतला गंज मी खरवडून काढला. डगने पिस्टन सोडवले. नव्या रबरी नळ्या आणल्या. खालची वाकडी नळी बसेना तेव्हा दोघांना चार हात लावावे लागले. त्याने एक टोक धरलं, मी दुसरं.

त्याच्या डाव्या अंगठ्यावर बाबांसारखाच झाळल्याचा डाग आहे. त्याने झाळायचं काम कधीच केलं नाही, तो लोकर रंगवायच्या गिरणीत होता. मग तो डाग कसला, ते विचारायचं राहिलं. विचारणार तरी कसं?

जेवायला मेव्हिसने रुबार्बची खीर केली. दर वसंतात बाजारात एक माणूस तिला ते आंबट लाल देठ अगदी ताजे देतो. डगने दोनदा घेतली आणि मेव्हिसला म्हणाला, "यंदा देठ जरा जाड निघालेत." स्वतः मळ्यात भाज्या लावतो ना, मग दुसऱ्याच्या मालाला नावं ठेवणारच.

शनिवार, १५ मे

हे जरा रागात लिहितोय.

गाडी सुरू झाली. तिसऱ्या किकला. तो आवाज, तो लांब, वरच्या पट्टीतला आवाज ऐकून शेजारची माणसं दारात आली. मेव्हिसने डोळ्यांना पदर लावला, म्हणजे एप्रन. मीही बोळाच्या भिंतीकडे तोंड केलं, धूर फार होता.

डगने पाणी काठोकाठ भरलेलं. पाणी वरच्या नळीच्या खाली गेलं की फिरणं थांबतं, म्हणून तो वाकून वाकून बघत होता. मग गाडी बोळातून वर नेली, रिकाम्या साइडकारसह. दहा मिनिटांत परत आली ती वाफ टाकत. रेडिएटरला हात लावला. वरून पोळत होता आणि खालून अगदी गार. म्हणजे पाणी उतरतच नव्हतं.

एकवीस वर्षांपूर्वी हेच झालं होतं. बाबा मार्चमध्ये गेले, जूनमध्ये आम्ही आईला आणि डब्याला घेऊन निघालो. डग चालवत होता, मी मागे. चॅपलच्या वळणावर उकळलं, इंजिन आवळून बंद पडलं. आई उतरली आणि डबा पोटाशी धरून चालत घरी गेली. तेव्हा मी डगला म्हणालो होतो की पंप हवा होता. आणि आणखी एक म्हणालो होतो, ते मी आजवर कुठे लिहिलेलं नाही. मी म्हणालो होतो, "म्हाताऱ्याची झाळणीच कच्ची." बाबांना जाऊन तीन महिने झाले होते. त्याच संध्याकाळी डगने रेडिएटर सोडवून नेला.

आज मी पुन्हा तेच केलं. खिशातून पंप काढला आणि म्हणालो, "मेव्हिस, त्याला सांग, बाबांचा जमाना गेला."

डगने पंपाकडे पाठ केली. गाडी निवेपर्यंत तिच्याजवळ उभा राहिला. मग चार बोल्ट सोडवले, रेडिएटर घोंगडीत गुंडाळला आणि हातगाडी घेऊन गेला. टॉफी त्याच्यामागे कोपऱ्यापर्यंत गेली.

मेव्हिस म्हणाली, "सुंभ जळेल, पण तुम्हा दोघांचा पीळ जायचा नाही."

रविवार, १६ मे

आईला सगळं आधीच कळलं होतं. कसं, कोण जाणे. पुडिंग बसलेलं निघालं. आईचं पुडिंग मी जन्मात बसलेलं बघितलं नव्हतं.

"आतून धुतला होतात का?" तिने विचारलं.

"तो धुवू देत नाही."

"आतून धुवायला सांगितलं होतं मी." मग तिने फळीवरच्या डब्याकडे बघितलं. नंतर म्हणाली, "मी दमले रे रेज. पुढच्या रविवारपासून एकच जेवण. साडेबाराला. ज्याला यायचं त्याने यावं. आणि रेडिएटर इथे आणायचा. माझ्या अंगणात, माझ्या डोळ्यांसमोर धुवायचा."

ती टेबलाला धरून उठली. मला आईची भीती वाटली. म्हणजे आईसाठी. पाच आठवडे उरलेत. आणि वीस जूनला ती साइडकारमध्ये बसली नाही, तर पुन्हा कधी बसेल, हे आम्हा दोघांपैकी कुणीच सांगू शकत नाही.

रविवार, २३ मे

सावकाश लिहितो.

साडेबाराला गेलो तर डग आधीच बसलेला. माझ्या खुर्चीत. नंतर कळलं की ती त्याचीही खुर्ची आहे, साडेतीन तासांनंतरची. मी समोर बसलो. मेव्हिस मध्ये. आईने एकच मोठं पुडिंग आणलं आणि चार तुकडे केले. मोठा तुकडा कुणाला, हे मी बघत होतो. डगही बघत होता. आईने मोठा तुकडा मेव्हिसला दिला.

जेवण झाल्यावर अंगणात कपडे उकळायचं तांब्याचं भांडं पेटवलं. पाण्यात धुण्याचा सोडा घातला. डग रेडिएटर सोडायला तयार नव्हता.

"डग," आई म्हणाली, "तुझ्या बापाची झाळणी साध्या सोड्याने उकलणार असेल, तर उकलू दे."

पहिलं पाणी स्वच्छ आलं. दुसरं जरा गढूळ. तिसऱ्यांदा डगने रेडिएटर उलटा धरून हलवला आणि त्यातून करड्या रंगाचा एक लगदा पचकन फरशीवर पडला. मग आणखी. मग वाळलेल्या गुठळ्या, सालपटं. वाडगाभर निघालं असेल.

मी म्हणालो, "हे काय? गंज नाही हा."

डगने चिमटीत घेतलं, चोळलं, वास घेतला. तो कोंबड्या पाळतो. म्हणाला, "ओट आहेत."

गळक्या रेडिएटरमध्ये चिमूटभर ओट टाकायचे, म्हणजे फुगून गळती बुजते, ही आमच्याकडची जुनी युक्ती आहे. निम्मं यॉर्कशायर असं चालतं. पण चिमूटभर! कुणीतरी आत अख्खी लापशी शिजवली होती. पंप नसलेल्या गाडीत पाण्याला जोर तो किती, ते या चिखलातून उतरणार कसं?

"तू टाकलेस!" मी म्हणालो.

"मी? तूच टाकले असशील! घाई तुला असते!"

"काठोकाठ पाणी भरायला कोण गेलं होतं? झाकण कुणी उघडलं होतं?"

"आणि आदल्या दिवशी गळतंय गळतंय करून कोण नाचत होतं?"

असं बरंच चाललं. आई दारात उभी होती. डग बोलता बोलता तिच्याकडे वळला, तिला साक्षीला घ्यावं म्हणून बहुधा, आणि तिच्याकडे बघतच राहिला. हातातला लगदा त्याने विजारीला पुसला.

"बरं," तो म्हणाला. "मीच टाकले. आता आठवलं. गळत होतं म्हणून टाकले, जास्त पडले."

चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! आईसमोर खोटं बोलता येईना. आई किटली ठेवायला आत गेली. तिला धक्का बसला असणार.

घरी येताना मी मेव्हिसला म्हणालो, "बघितलंस? कबूल केलं! एकवीस वर्षं मी बरोबर होतो."

ती म्हणाली, "एक बघितलं. तुम्ही दोघं आज थेट बोललात. 'मेव्हिस, त्याला सांग' असं एकदाही नाही."

"भांडत होतो. त्याला बोलणं म्हणत नाहीत."

"तुमच्या घराण्यात म्हणतात," ती म्हणाली.

शनिवार, ५ जून

मी जिंकलोय, तेव्हा मोठं मन दाखवायला हरकत नव्हती. डगला म्हटलं, एकदा पंपाशिवाय बघू. त्याने काही टोमणा मारला नाही.

काठोकाठ पाणी भरलं. गाडी शेडमध्ये उभीच चालू ठेवली. डगने माझा हात धरून खालच्या नळीवर ठेवला. गार. वरच्या नळीवर ठेवला. कोमट, मग गरम. पाच मिनिटं गेली. मग खालची नळी हळूहळू कोमट झाली. म्हणजे वरचं पाणी रेडिएटरमधून निवत, उतरत, फिरून तिथवर आलं होतं. कुणी ढकललं नव्हतं. माझी तीस वर्षं पंपात गेली, आणि मी माझ्या शेडमध्ये एका रबरी नळीवर हात ठेवून लहान पोरासारखा उभा होतो.

मी म्हणालो, "झाळणी पक्की आहे."

डग म्हणाला, "हं."

खरं तर एवढं म्हणायला मला एकवीस वर्षं लागली. इथेच लिहून टाकतो की मला त्या शब्दांची लाज वाटत होती, आणि लाज वाटत होती म्हणूनच मी त्याच्या दारात जात नव्हतो. पंपाचं ते निमित्त.

मग त्याला अंगठ्याच्या डागाचं विचारलं. म्हणाला, हिवाळ्यात एकदा रेडिएटरचा एक कोपरा सुटला होता, तो स्वतः शिकून झाळला. चार वेळा बिघडला, पाचव्यांदा जमला. कुठला कोपरा, ते मला शोधूनही सापडेना. बाबांचं काम कुठे संपतं आणि त्याचं कुठे सुरू होतं, कळत नाही.

पंप मिसेस हॉल्ड्सवर्थ म्हणून एक गिऱ्हाईक आहे, तिच्या न्हाणीघराला लावून टाकला.

रविवार, १३ जून

साडेबाराला सगळे. आईने मेव्हिसला बाजारातून ओट आणायला सांगितले. आश्चर्य आहे. बाबा गेल्यापासून त्या घरात ओट नाहीत. आम्ही लहान असताना रोज सकाळी लापशी असायची, पण बाबांच्या नंतर तिने ती कधी केली नाही, घशाखाली उतरत नाही म्हणते. आता म्हातारपणी पुन्हा आवड उत्पन्न झाली असेल.

जेवताना मी डगला ओटावरून जरा चिमटा काढला. तो हसला. आई मात्र मला म्हणाली, "पुरे रे आता." माझी बाजू खरी असून मलाच ओरडा.

रविवार, २० जून

आईने लग्नातली टोपी घातली होती. मांडीवर डबा, डब्याभोवती दोन्ही हात. डग चालवत होता, मी मागे. मेव्हिस व्हॅनमधून, सँडविच आणि पाण्याचे दोन कॅन घेऊन. टॉफी तिच्या शेजारी.

चढ सुरू झाला तसा मी डगच्या खांद्यावरून रेडिएटरकडेच बघत होतो. डगचे कान ताठ झालेले. चॅपलचं वळण दिसलं आणि आईने साइडकारच्या काठावर थापा मारल्या.

"थांबव!"

"आई, काही झालेलं नाही, चांगली चाललीय," डग ओरडला.

"थांबव म्हणते ना!"

थांबलो. वाफ नाही, काही नाही. त्याच भिंतीपाशी, जिथे ती त्या दिवशी उतरली होती. ती उतरली नाही. समोर बघत बोलली.

"ओट मी टाकले होते."

इंजिन हळू चाललेलं. मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"आदल्या दिवशी रेज म्हणत होता, गळतंय. तुम्ही दोघं चिंतेत. सकाळी तुम्ही उठायच्या आत मी शेडमध्ये गेले. तुमचा बाप म्हणायचा, चिमूटभर. मी म्हटलं, एवढ्या चिमटीने काय होणार, त्याला वर पोचवायचंय. वाडगा भरून टाकले." ती थांबली. "इथे उकळलं तेव्हाच मला कळलं. सांगणारच होते. पण तुम्ही एकमेकांना असं काही बोललात, की माझं तोंडच उघडेना. मग उद्या सांगू, परवा सांगू. आणि मग सांगायची लाज वाटायला लागली."

मग तिने डब्यावरचा हात काढून डोळे पुसले.

"म्हणून दोनदा रांधत होते. म्हटलं, घर माझ्या हाताने फुटलं, तर दोन घरांचं रांधायचं मीच."

मला एकवीस वर्षांची पुडिंगं आठवली. त्यातलं एकही मी तिच्याकडे बघून खाल्लं नव्हतं. मी साइडकारपाशी गेलो आणि रस्त्यातच गुडघ्यावर बसून आईला मिठी मारली. डबा मध्ये होता. तिची टोपी वाकडी झाली.

मग एकदम माझ्या डोक्यात आलं. मी डगकडे वळलो. "तू का म्हणालास, मी टाकले म्हणून?"

डग रेडिएटरचं झाकण तपासत होता. तपासायचं काही नव्हतं. "आईचं तोंड बघितलं ना अंगणात," तो म्हणाला. "कुणीतरी म्हणायलाच हवं होतं."

"मी तुला महिनाभर बोललो. तुझी टर उडवली."

"मग? तुला जिंकायला आवडतं. लहानपणापासून आवडतं. माझं काय जातं?"

या माणसाशी मी एकवीस वर्षं बोललो नाही. हे मी इथे लिहितो, म्हणजे पुन्हा कधी मला माझं फार खरं वाटायला लागलं, तर हे पान उघडून वाचता येईल.

आई म्हणाली, "चला आता. बाप खोळंबलाय तुमचा."

वर वारा होता. डब्याचं झाकण गंजून बसलेलं, निघेना. डगने डबा धरला, मी झाकण फिरवलं. आईने स्वतःच्या हाताने बाबांना सोडलं. थोडे बाबा मेव्हिसच्या सँडविचांवर गेले. आई इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं.

रेडिएटरला एक कपभर पाणी लागलं. बस.

सोमवार, २१ जून

सकाळी आईकडे लापशी. गुठळ्या होत्या. दोघांनीही वाडगा चाटून पुसून ठेवला.

रविवार, २७ जून

साडेबाराला जेवण. मग डग आणि मी अंगणात बसलो, पाणी या विषयावर बोलत. त्याचं म्हणणं, पुढच्या वर्षी वरची नळी बदलायला हवी. माझं म्हणणं, आणखी दोन वर्षं चालेल. मेव्हिस म्हणाली, तिचा बाजारातला रुबार्बवाला या वर्षीपासून देठ थेट घरी आणून देणार आहे. सोय झाली. डग का हसला, कळलं नाही.

बोलता बोलता चार वाजले. आतून वास आला. बघितलं तर आई ओव्हनसमोर उभी, दारातून फुगलेलं पुडिंग बाहेर काढत होती. आम्हाला बघून ती दचकली. मग हातातल्या पुडिंगकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं.

"अगं बाई," ती म्हणाली, "हात आपला सवयीने..."

डगने खुर्ची ओढली. मी त्याच्या शेजारची ओढली. तशीही भूक लागलीच होती.